शेवटच्या पायरीचे अंतर

खानदेशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती त्या काळात विद्यापीठातील कोणत्याही कामासाठी जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्याला पुणे गाठावे लागत असे. गाडीभाडे, मुक्कामाचा खर्च आणि बुडालेले दिवस यांचा हिशेब शेतकऱ्याच्या किंवा कामगाराच्या घराला परवडणारा नव्हता. खानदेशासाठी स्वतंत्र विद्यापीठ हवे, या मागणीमागे प्रादेशिक अस्मिता होतीच. पण अंतरामुळे शिक्षणाचा हक्क अपुरा राहतो ही व्यवहारातली जाणीवही होती. १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि गिरणाकाठी सुमारे साडेसहाशे एकरांच्या आवारात ते उभे राहिले. आज जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. ११ ऑगस्ट २०१८ रोजी त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले.

पिंप्राळा हे एकेकाळचे स्वतंत्र गाव. आषाढी एकादशीच्या रथोत्सवासाठी ओळखले जाणारे हे गाव आता जळगाव महापालिकेच्या हद्दीतील दाट वस्तीचे उपनगर झाले आहे. येथील विद्यार्थ्याच्या दृष्टीने विद्यापीठ आता घराजवळ आले आहे. मात्र हाच विद्यार्थी चाकाच्या खुर्चीवर असेल, दृष्टिहीन असेल किंवा त्याचा हात लेखणी धरू शकत नसेल, तर अंतराचा हिशेब बदलतो. घराचा उंबरठा, रिक्षात चढणे, महामार्ग ओलांडणे, इमारतीचे जोते, पहिल्या मजल्यावरचा वर्ग, स्वच्छतागृहाचा अरुंद दरवाजा, वाचता येईल असे पुस्तक आणि शेवटी परीक्षेतील लेखनिक अशा साखळीतून त्याला जावे लागते. यातील एक दुवा जरी निखळला, तरी उरलेले सगळे दुवे निरुपयोगी ठरतात. किलोमीटरमध्ये मोजायचे अंतर मिटवणाऱ्या विद्यापीठव्यवस्थेपुढे आता या पायऱ्यांच्या अंतराचा प्रश्न आहे. आणि तो केवळ जळगावचा नाही, महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यापीठाचा आहे.

आकडे काय सांगतात?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के व्यक्ती दिव्यांग होत्या. महाराष्ट्रात ही संख्या २९ लाखांहून अधिक होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने सरकारी व शासन अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांमध्ये लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखून ठेवण्याचे बंधन घातले. वयोमर्यादेतही त्यांना पाच वर्षांची सूट दिली. प्रत्यक्षात केंद्राच्या उच्च शिक्षणविषयक सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशातील सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांत दिव्यांग विद्यार्थी ८८ हजारांच्या घरात होते. हे प्रमाण एकूण संख्येच्या ०.२ टक्क्यांच्या आसपास भरते. लोकसंख्येतील वाटा दोन टक्क्यांहून अधिक, राखीव जागा पाच टक्के आणि वर्गातील उपस्थिती हजारात दोन, हे गणित कुठेच जुळत नाही.

या तफावतीचे खापर काही प्रमाणात शालेय शिक्षणावर फोडता येईल. अनेक दिव्यांग मुले दहावी-बारावीपर्यंत पोहोचतच नाहीत, हे खरे आहे. परंतु जागा राखून ठेवली म्हणजे आपले काम संपले, या समजुतीचाही त्यात मोठा वाटा आहे. राखीव जागा फार तर प्रवेशद्वारापर्यंत नेते. आत गेल्यावर शिकता येईल की नाही, हे अन्य गोष्टींवर ठरते. विद्यार्थी संख्या कमी म्हणून सोयी नाहीत आणि सोयी नाहीत म्हणून विद्यार्थी येत नाहीत, असे हे दुष्टचक्र आहे. ते तोडण्याचे दायित्व कायद्याने संस्थेवर टाकले आहे, विद्यार्थ्यावर नव्हे.

सुगम्यता आणि वाजवी सोय

या कायद्यात दोन भिन्न कल्पना आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. पहिली सुगम्यतेची. इमारत, रस्ता, संकेतस्थळ, पुस्तक या गोष्टी कोण येणार हे ठाऊक नसतानाही सर्वांना वापरता येतील अशा असाव्यात, हा तिचा अर्थ. दुसरी कल्पना वाजवी सोयीची. सर्वसाधारण व्यवस्था करूनही एखाद्या विशिष्ट विद्यार्थ्याची अडचण उरते. त्याच्यापुरता आवश्यक आणि उचित असा बदल करून द्यायचा. मात्र त्यामुळे संस्थेवर प्रमाणाबाहेर किंवा अवाजवी भार पडू नये, अशी कायद्यातील व्याख्या आहे. अशी सोय नाकारणे हा भेदभावाचाच एक प्रकार आहे, असे अधिनियम स्पष्टपणे सांगतो. १९९५ च्या जुन्या कायद्यात ही तरतूद या स्वरूपात नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कविषयक कराराला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली आणि त्याच्याशी सुसंगत असा नवा कायदा २०१६ मध्ये झाला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे.

उदाहरणाने हा फरक स्पष्ट होईल. इमारतीला उतरता मार्ग आणि उद्वाहन असणे ही सुगम्यता. ज्या जुन्या इमारतीत उद्वाहन नाही तेथे एका विद्यार्थिनीसाठी संपूर्ण वर्ग तळमजल्यावर हलवणे ही वाजवी सोय. यात वेळापत्रकातील एक ओळ बदलण्यापलीकडे खर्च नाही. उन्हाळी परीक्षेचेही तसेच आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगावचा पारा ४० अंशांच्या वर सहज जातो. मानेच्या पातळीवर मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीच्या शरीराची घामावाटे तापमान आटोक्यात ठेवण्याची क्षमता क्षीण झालेली असते. अशा विद्यार्थ्याला दुपारच्या सत्रात पत्र्याच्या छताखाली बसवणे आणि सकाळच्या सत्रात थंड खोलीत बसवणे, यांत प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी बदलत नाही. मोजली जाते ती गोष्ट मात्र बदलते. पहिल्या प्रसंगी त्याची सहनशक्ती मोजली जाते आणि दुसऱ्या प्रसंगी त्याचे ज्ञान.

म्हणूनच ‘सवलत’ हा आपल्याकडे रुळलेला शब्द येथे दिशाभूल करतो. सवलत ही देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते आणि घेणाऱ्याने कृतज्ञ राहावे, अशी तिच्यामागे अपेक्षा असते. वाजवी सोय ही समान स्पर्धेची पूर्वअट आहे.

न्यायालयाने आखलेला मार्ग

गेल्या काही वर्षांत सर्वोच्च न्यायालयाने या तत्त्वाला ठोस आकार दिला आहे. १५ डिसेंबर २०१७ रोजी ‘डिसेबल्ड राइट्स ग्रुप’च्या याचिकेवर निकाल देताना न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांना ५ टक्के आरक्षणाची अंमलबजावणी करण्यास बजावले आणि सुगम्यतेचा प्रश्न विद्यापीठ अनुदान आयोगापुढे ठेवला. आयोगाने उच्च शिक्षणसंस्थांसाठीची सुगम्यताविषयक मानके त्यानंतर २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. ११ फेब्रुवारी २०२१ च्या विकाश कुमार प्रकरणात लेखनिकाचा प्रश्न होता. लिहिताना हाताचे स्नायू आखडण्याच्या विकारामुळे एका उमेदवाराने लोकसेवा आयोगाकडे लेखनिक मागितला होता. दिव्यांगत्व ४० टक्क्यांपर्यंत पोहोचत नाही, एवढ्या कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. आरक्षणासाठी ४० टक्क्यांची अट आहे. वाजवी सोयीसाठी ती नाही. हा भेद शिक्षणसंस्थांच्या परीक्षा विभागांनी ठळक अक्षरांत लिहून ठेवावा इतका महत्त्वाचा आहे.

त्याच वर्षी मुंबईतील एका विद्यार्थिनीचे प्रकरण न्यायालयापुढे आले. अवनी प्रकाश हिला लेखन-अक्षमता होती. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत नियमानुसार मिळणारा एक तासाचा अधिक वेळ परीक्षा केंद्रावर तिला नाकारण्यात आला. २३ नोव्हेंबर २०२१ च्या निकालात न्यायालयाने पुनर्परीक्षेचा आदेश दिला नाही. परंतु झालेल्या अन्यायाचे परिमार्जन कसे करता येईल याचा विचार करण्यास परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला सांगितले आणि केंद्रावरील कर्मचाऱ्यांना याविषयी प्रशिक्षण देण्याची गरज अधोरेखित केली. या प्रकरणाचा धडा कायद्यापेक्षा प्रशासनाचा आहे. नियम दिल्लीत होता, पर्यवेक्षक वर्गात होता आणि नियम पर्यवेक्षकापर्यंत पोहोचलाच नव्हता.

महाराष्ट्रातीलच ओमकार गोंड या विद्यार्थ्याला वाचा व भाषाविषयक दिव्यांगत्वाची टक्केवारी ४० च्या पुढे आहे, म्हणून वैद्यकीय शिक्षणासाठी अपात्र ठरवण्यात आले होते. केवळ टक्केवारीवरून अपात्र ठरवता येणार नाही. अभ्यासक्रम पूर्ण करण्याची प्रत्यक्ष क्षमता तपासली पाहिजे, असे न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२४ च्या सविस्तर निकालात सांगितले. पाठोपाठ ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवण्यात आला. ती बंधनकारक करावीत, असा आदेश केंद्राला देण्यात आला. या सर्व निकालांचा रोख एकच आहे. संस्थेची सोय हा निकष नाही. विद्यार्थ्याला प्रत्यक्षात काय करता येते, हा निकष आहे.

उताराचे गणित

इमारतींच्या बाबतीत मुदत केव्हाच उलटली आहे. अधिनियमाखालील नियम १५ जून २०१७ रोजी अधिसूचित झाले आणि अस्तित्वातील सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम्य करण्याची कालमर्यादा जून २०२२ मध्ये संपली. तरीही सुगम्यता म्हणजे प्रवेशद्वाराशी सिमेंटचा एक उतार, एवढाच अर्थ अनेक ठिकाणी घेतला जातो. मान्य मानकानुसार उताराचे प्रमाण १:१२ असावे लागते. जोते ६० सेंटिमीटर उंच असेल, तर उताराची लांबी किमान ७.२ मीटर हवी. शिवाय दोन्ही बाजूंना कठडे आणि वळणावर सपाट जागा हवी. दोन-तीन मीटरांत संपवलेला उतार सायकल चढवण्यास उपयोगी पडेल. चाकाच्या खुर्चीवरील माणूस त्यावरून स्वतःच्या बळावर जाऊ शकत नाही आणि उतरताना तर तो धोकादायकच ठरतो. खुर्ची आत जाईल असा रुंद दरवाजा आणि आत वळायला जागा असलेले स्वच्छतागृह नसेल, तर विद्यार्थी, विशेषतः विद्यार्थिनी, दिवसभर पाणी न पिता बसतात.

‘नॅक’च्या मूल्यांकनात अडथळामुक्त वातावरणाविषयी माहिती मागवली जाते, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण मूल्यांकनासाठी काढलेल्या छायाचित्रात उतार दिसतो, त्याचे प्रमाण दिसत नाही. तपासणीच्या समितीत प्रत्यक्ष चाकाची खुर्ची वापरणारी आणि पांढरी काठी घेऊन चालणारी व्यक्ती असेल, तर असे उतार पहिल्याच फेरीत उघडे पडतील.

लेखनिक आणि मराठी अक्षर

परीक्षेचा प्रश्न इमारतीपेक्षा गुंतागुंतीचा आहे. केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासामागे किमान २० मिनिटे भरपाईचा वेळ, म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेसाठी एक तास द्यायचा आहे. लेखनिक स्वतः आणण्याचा किंवा परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून मागण्याचा पर्याय त्या सूचनांनी विद्यार्थ्याला दिला होता. स्वतः आणलेल्या लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी असावे, अशी अट त्यांत होती. कागदावर ही व्यवस्था निर्दोष दिसते. प्रत्यक्षात चोपडा, शिरपूर, अक्कलकुवा यांसारख्या तालुक्यांत सहा-सात विषयांच्या परीक्षेसाठी रोज उपलब्ध असणारा, त्या विषयाच्या संज्ञा कळणारा आणि शुद्ध लिहिणारा लेखनिक मिळणे दुर्घट असते. ज्यांना लिहिता येते, त्यांचीही बहुधा त्याच काळात परीक्षा असते. गणित, सांख्यिकी किंवा रसायनशास्त्रात तर सूत्र तोंडी सांगणे आणि दुसऱ्याने ते अचूक उतरवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. त्यामुळे दृष्टिहीन विद्यार्थी विषयाची निवड आवडीपेक्षा लेखनिकाच्या उपलब्धतेवर करतो. ही निवड दिसायला ऐच्छिक, पण वस्तुतः लादलेली असते.

यावर उपाय अवघड नाहीत. परीक्षेच्या अर्जातच आवश्यक सोयींचा रकाना ठेवणे, प्रत्येक महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेच्या साह्याने लेखनिकांची यादी तयार करणे, त्यांना मानधन व एक दिवसाचे प्रशिक्षण देणे आणि इच्छुकांना संगणकावर उत्तरे लिहिण्याची मुभा देणे, एवढ्यानेच चित्र बदलू शकते.

याहून दुर्लक्षित राहिलेला मुद्दा मराठी पाठ्यसामग्रीचा आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणकप्रणाली आता विनामूल्य उपलब्ध आहेत आणि त्या मराठीही वाचतात. परंतु त्यासाठी मजकूर युनिकोडमध्ये असावा लागतो. मराठीतील असंख्य पुस्तके आणि टिपणे जुन्या, युनिकोडपूर्व अक्षरसंचांत जुळवलेली आहेत. पानांचे थेट छायाचित्र घेऊन केलेल्या धारिका तर यंत्राला कोऱ्याच असतात. परिणामी इंग्रजी माध्यमाचा दृष्टिहीन विद्यार्थी जे पुस्तक ऐकू शकतो, त्याच विषयाचे मराठी पुस्तक मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला ऐकता येत नाही. कायद्याचा अडथळा येथे उरलेला नाही. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात दिव्यांगांसाठी सुगम्य प्रती तयार करण्यास मुभा दिली आहे आणि मराकेश करार मान्य करणारा भारत हा २०१४ मध्ये जगातील पहिला देश ठरला. विद्यापीठाने आपले अभ्याससाहित्य, परिपत्रके आणि प्रश्नसंच यापुढे केवळ युनिकोडमध्येच प्रसिद्ध करण्याचा निर्णय घेतला, तर त्याला एक रुपयाचाही खर्च येणार नाही.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

पहिला आक्षेप खर्चाचा. उद्वाहन, स्वच्छतागृहे आणि उपकरणे यांना पैसा लागतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. अनुदानित महाविद्यालयांची आर्थिक ओढाताणही सर्वज्ञात आहे. तथापि वर्ग खाली आणणे, वेळ वाढवणे, मजकूर युनिकोडमध्ये देणे, आसनव्यवस्था बदलणे या वाजवी सोयींचा मोठा भाग निर्णयाचा आहे, निधीचा नाही. जेथे निधी लागतो तेथे शासनाने हात आखडता घेऊ नये. डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन करणाऱ्या महाराष्ट्राने उच्च शिक्षण विभागाबरोबर संयुक्त तरतूद करणे हे सुसंगत ठरेल.

दुसरा आक्षेप गैरवापराचा. २०२४ मध्ये एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या प्रकरणानंतर बनावट प्रमाणपत्रांची चर्चा राज्यभर झाली आणि संशयाची सुई सरसकट सर्वांकडे वळली. प्रमाणपत्रांची छाननी कठोर असलीच पाहिजे. मात्र ती प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेची व्हावी. वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने रोज नव्याने आपले दिव्यांगत्व सिद्ध करावे, अशी अपेक्षा ठेवली, तर खोट्याला शिक्षा न होता खऱ्याचीच होते.

तिसरा आक्षेप गुणवत्तेचा. त्याचे उत्तर जळगाव जिल्ह्याशी मूळ नाते असलेल्या प्रांजल पाटील यांनी दिले आहे. लहानपणी दृष्टी गमावलेल्या पाटील यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात पदवी घेतली. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र संसाधन केंद्र चालवणारे हे महाविद्यालय आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१५ च्या परीक्षेत यशस्वी होऊनही दृष्टिहीनतेच्या कारणाने त्यांना रेल्वेच्या लेखासेवेत घेतले गेले नाही. पुढच्याच वर्षी त्या देशात १२४ व्या आल्या आणि भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झाल्या. एका वर्षात त्यांची दृष्टी बदलली नव्हती. त्यांच्याकडे पाहणाऱ्या यंत्रणेचा निर्णय बदलला होता. जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनचा ‘मनोबल’ हा निवासी प्रकल्प दिव्यांग तरुणांना स्पर्धा परीक्षांसाठी तयार करतो. गुणवत्ता येथे आहे, ती जोपासण्याची इच्छाही समाजात आहे. स्वयंसेवी संस्था जे करून दाखवतात ते विद्यापीठव्यवस्थेचा नित्यक्रम व्हावे, एवढेच बाकी आहे.

पुढची दिशा

विद्यापीठाच्या मुख्य आवारात सुधारणा झाल्या, तरी प्रश्न तेथे संपत नाही. बहुसंख्य विद्यार्थी संलग्न महाविद्यालयांत शिकतात आणि सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या महाविद्यालयात स्वतंत्र कक्ष वा तज्ज्ञ असण्याची शक्यता कमी. त्यामुळे जबाबदारीची उतरंड स्पष्ट हवी. अधिनियमानुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे आहे. शासकीय आस्थापनांत तक्रार निवारण अधिकारीही नेमायचा आहे. संलग्नतेच्या नूतनीकरणाच्या वेळी हे धोरण, इमारतीची प्रत्यक्ष पाहणी आणि मागील वर्षी किती विद्यार्थ्यांनी कोणती सोय मागितली व किती दिवसांत ती मिळाली याचा तपशील विद्यापीठाने मागावा. मागणी नाकारल्यास कारण लेखी द्यावे. नकाराचे कारण लिहावे लागते, तेव्हा निम्मे नकार आपोआप गळून पडतात, हा प्रशासनातील जुना अनुभव आहे.

ज्या कवयित्रीचे नाव या विद्यापीठाने धारण केले आहे, तिच्या चरित्रात या विषयाचे मर्म सापडते. जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांना सुचलेली गाणी पुत्र सोपानदेव आणि इतर आप्तांनी कागदावर उतरवून घेतली. त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि मराठी कविता समृद्ध झाली. लेखणी दुसऱ्याच्या हातात होती म्हणून त्या कवितेचे श्रेय कोणी कमी मानले नाही. बहिणाबाईंचे निधन ३ डिसेंबर १९५१ रोजी झाले. पुढे १९९२ पासून हाच दिवस जगभर दिव्यांग दिन म्हणून पाळला जाऊ लागला. हा योगायोग असला, तरी त्यांच्या नावाच्या विद्यापीठाने तो विसरू नये. परीक्षागृहात लेखनिकाला उत्तर सांगणाऱ्या विद्यार्थ्याकडे आणि पिंप्राळ्याहून चाकाच्या खुर्चीवर येणाऱ्या विद्यार्थिनीकडे पाहण्याची दृष्टी त्या इतिहासातून घेता आली, तर १९९० मध्ये सुरू झालेला प्रवास खऱ्या अर्थाने पूर्णत्वाला जाईल.